रशीदभाई हसणं तपासायचे

दुरुस्त झालेला टीव्ही गिऱ्हाइकाला परत देण्याआधी रशीदभाई त्याच्यावर हसणं लावून बघायचे. बातम्या नाहीत, गाणं नाही. हसणं.

"बातमीवाला एका सुरात बोलतो बाई, त्याच्यात स्पीकरची परीक्षा होत न्हाई. गाण्यात बाजा खराबी झाकून घेतो. पण शंभर माणसं एकदम हसली, की त्याच्यात बारीक आवाज बी येतो अन् जाडा बी येतो. फाटका स्पीकर तिथंच उघडा पडतो," असं ते मला समजावून सांगायचे. मी काही विचारलेलं नसायचं.

हे हसणं ते घ्यायचे 'पोट धरा मंडळी' या कार्यक्रमातून. दर रविवारी संध्याकाळी लागणारा, तासभराचा, तुकड्या-तुकड्यांच्या विनोदाचा कार्यक्रम. आठ वर्षं चालू होता. त्याचे जुने भाग रशीदभाईंनी पेनड्राइव्हवर भरून ठेवले होते. त्यामुळं उदगीरच्या आमच्या गल्लीत दिवसभर कुणीतरी खदखदून हसत असायचं आणि बाहेर येऊन बघावं तर गल्लीत हसणारं एक माणूस दिसायचं नाही. नवीन पाहुणा आला की दचकायचा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण. मूळची हदगावची. नोकरीनं उदगीरला आणून टाकलं, ती इथंच मुरले. आमच्याकडं 'करून राहिलो' म्हणतात, इथं 'करायलालो'. एवढा फरक पचवायला मला दोन वर्षं लागली. रशीदभाईंचं दुकान माझ्या दारासमोर, दुकानाच्या मागं त्यांचं घर. मी एकटी राहणारी आणि स्वभावानं तिरसट. पोरं मागं मला 'मिरचीबाई' म्हणायची, मला ठाऊक होतं. माझ्याशी बोलायला लोक बिचकायचे. रशीदभाई मुळीच बिचकायचे नाहीत.

चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली, खिशात टेस्टर, आणि तोंडात कायम एकच वाक्य. कुणी टीव्ही आणून आपटला, "भंगारात घाला" म्हणालं, की ते त्याच्या पाठीला कान लावायचे, दोन बोटांनी टकटक करायचे आणि म्हणायचे, "जान हाय अजून." मग आठ-आठ दिवस त्या मढ्याला घेऊन बसायचे. गिऱ्हाईक तोवर नवीन टीव्ही घेऊन मोकळं झालेलं असायचं.

आमचं भांडण एकाच गोष्टीवर. सोमवारी सकाळी मी शाळेत निघाले की ते दुकानातूनच विचारायचे, "बाई, काल बघितलं का? हसू आलं का?"

"कशाला येईल? तोच बाप्या, तेच लुगडं, तीच मावशी. आठ वर्षं झाली, दर रविवारी चक्कर येऊन पडतेय मेली. एखाद्या रविवारी मरून तरी जा म्हणावं."

"पण पडतो झकास!"

"रशीदभाई, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? संपलंय त्यांचं सगळं. आता नुसती 'हसा' लिहिलेली पाटी हलवतात आणि समोर बसलेल्यांकडून हसून घेतात."

मागल्या दारातून रझियाभाभी ओरडायच्या, "बराबर बोले टीचर!" आणि पदर कमरेला खोचून बाहेर यायच्या. खरी गंमत भाभी होत्या. टीव्ही घ्यायला आलेला तलाठी कसा चालतो, हेडमास्तर नाकातून कसे बोलतात, मी स्वतः छत्री कशी धरते, हे सगळं त्या दुकानाच्या पायरीवर करून दाखवायच्या. माझी नक्कल माझ्यासमोर करायच्या! मला राग यायच्या आत हसू यायचं. आणि त्यांचं स्वतःचं हसणं म्हणजे तर काय सांगू, चौकातल्या रिक्षावाल्यापर्यंत जायचं. रशीदभाई म्हणायचे, "हिचं हसणं कुठल्या स्पीकरला झेपत न्हाई."

ते दिवस दुष्काळाचे. नळ कधीच कोरडे पडले होते, टँकर दहाव्या-बाराव्या दिवशी यायचा. लातूरला तर आगगाडीनं पाणी आणायची पाळी आली. आणि अशात गावाला वेड लागलं होतं जिल्ह्याचं. उदगीर वेगळा जिल्हा होणार, आज होणार, उद्या होणार. भिंतीभिंतीवर तेच. रशीदभाईंनी सभेला लाऊडस्पीकर फुकट दिला. पुढारी ऐन रंगात आले, मूठ आवळून म्हणाले, "पुढच्या महिन्यात जिल्हा झाल्याशिवाय राहणार नाही!" आणि दोन्ही कर्ण्यांतून शंभर माणसं खो-खो हसली. भाईंनी तपासायला लावलेला पेनड्राइव्ह तसाच राहिला होता! अख्खं मैदान लोळलं. पुढारी लालबुंद. भाई मला दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आता तरी म्हणा बाई, कार्यक्रम अजून हसवतो." मी म्हणाले, "हाव, खरंय. एवढ्या एका वेळी बरोबर जागी हसले."

त्यानंतर महिनाभरानं टँकर आला होता. बायकांची ही झुंबड. नळीला घागर लावता लावता रझियाभाभी एकदम खाली बसल्या आणि मग आडव्या झाल्या. आम्हाला वाटलं, नक्कल करताहेत. खोटं कशाला सांगू, आम्ही दोघी-तिघी हसलो. घागर भरून वाहायला लागली तेव्हा कुणीतरी किंचाळलं, पण ते पाणी वाया जातंय म्हणून.

लातूरच्या दवाखान्यातून त्या वीस दिवसांनी परत आल्या. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. डोळे उघडे असायचे, पण ते बघतात की नुसते उघडे आहेत हे कळायचं नाही. रशीदभाईंनी खाट टीव्हीसमोर टाकली. सकाळी उठून त्यांचं सगळं करायचं, मग दुकान. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाणी किती लागतं, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. भाई स्वतः दोन-दोन दिवस बिनअंघोळीचे राहायचे. भाभींच्या अंगाला कधी वास आला नाही.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी ते माझं दार बडवत आले. "बाई! चला! हसायलालीय! हसायलालीय ती!"

मी धावले. पडद्यावर लुगडं नेसलेला तो बाप्या चक्कर येऊन पडला होता आणि भाभी हसत होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, आवाज जुन्याच्या चौथाई, पण हसणं त्यांचंच. रशीदभाई माझ्याकडं बघून रडत होते. "जान हाय अजून," म्हणाले.

मग रविवार हा त्या घरचा सण झाला. मावशी पडली की भाभी हसायच्या. मी जाऊन बसायचे. हळूहळू गल्लीही यायची-जायची. आणि लोक कसे असतात? बोलणारं माणूस मुकं झालं की त्याला बहिरंही धरतात. खाटेशेजारी उभं राहूनच बायका म्हणायच्या, "असलं जिणं वैऱ्याला नको." मीही एकदा म्हणाले. म्हणाले, "रशीदभाई, किती दिवस काढणार हो असे? तिची सुटका झाली तर बरं." आणि त्या दिवशी टँकर आला नव्हता, भाई थकले होते, ते म्हणाले, "अल्लानं तिला तरी उचलावं न्हाईतर मला तरी." भाभी टीव्हीकडं बघत होत्या.

पुढं तपासणीला लातूरला गेले, तेव्हा मी सोबत होते. भाईंनी मोठ्या हौसेनं डॉक्टरांना सांगितलं की ती हसते. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. म्हणाला, "ते तिचं हसणं नाही हो चाचा. मेंदूला मार बसला की असं होतं. टीव्हीतले हसले की तीही हसते. समोरच्यानं जांभई दिली की आपल्याला येते ना, तसं. विनोद कळला असं समजू नका."

परतीच्या बसमध्ये, उदगीरच्या अलीकडं भाई एवढंच म्हणाले, "इथं जिल्हा झाला असता तर मोठं सरकारी हॉस्पिटल आलं असतं. मेंदूचा खरा डॉक्टर आला असता. ह्याला काय कळतंय."

आणि मी, कपाळ माझं, पुढच्याच सोमवारी सवयीनं बोलून गेले, "कालचा भाग तर निव्वळ भिकार होता. दगडाला हसू आलं तर माणसाला येईल."

रशीदभाईंच्या हातातली झाळ द्यायची तापलेली कय्या तशीच राहिली. वितळलेलं कथील टेबलावर सांडलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मुस्काटात खाल्ल्यासारखी उभी राहिले. "मग काल ती कशाला हसली बाई?" ते म्हणाले. "त्याच्यात हसण्यासारखं काईच नव्हतं, तर ती कशाला हसली?"

मला तेव्हा उमगलं की आठ वर्षं गंमत म्हणून चाललेलं आमचं भांडण आता गंमत राहिलेलं नाही. कार्यक्रमात खरोखर हसण्यासारखं असेल, तर भाभींना कळतंय, भाभी आत आहेत. आणि नसेल, तर डॉक्टर म्हणतो ते खरं, आणि त्या खाटेवर कुणीच नाही. त्यांनी शटर ओढलं.

चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी दारात आले. "तुम्ही मास्तरीण आहात. तोंडावर खोटं बोलत न्हाईत. परीक्षा घ्यायची हाय, तुम्ही बसा."

त्यांची युक्ती अशी. कार्यक्रम रविवारी लागतो आणि तोच भाग सोमवारी दुपारी परत लागतो. रविवारी भाभींना तो दाखवायचा नाही. भाईंनी एकट्यानं दुकानात बघायचा आणि टीव्हीतले लोक कुठं कुठं आणि किती वेळ हसतात ते लिहून घ्यायचं. मग सोमवारी भाभींसमोर लावायचा, आणि हसणं येण्याच्या बरोबर आधी रिमोटवर अंगठा दाबून धरून आवाज बंद करायचा, हसणं सरलं की सोडून परत चालू; रिमोटची कळ त्यांनी तशी करूनच घेतली होती. म्हणजे कुणीच हसणार नाही. जांभईला कारणच उरणार नाही. मग बघू ती हसते का.

"अन् तुम्ही हसायचं न्हाई," मला बजावलं.

"मला येतंय कुठं हसू?" मी म्हणाले. तेही हसले नाहीत.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. भाभींना टेकून बसवलं होतं, डोक्यावरून स्वच्छ ओढणी. रशीदभाई खाटेच्या पायथ्याशी, एका हातात रिमोट, दुसऱ्या हातात जिल्हा मागणीचं पत्रक. त्याच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी हसण्याच्या खुणा केल्या होत्या, वर कुठल्या मिनिटाला ते. माझी शाळेतली निकालाच्या दिवशीची पोरंसुद्धा इतकी घाबरलेली मी बघितली नाहीत.

मावशी आली. एक ओळ बोलली, अंगठा दाबला, चूप. अंगठा सोडला, दुसरी बोलली. त्या चुपीत तो कार्यक्रम इतका केविलवाणा दिसत होता म्हणून सांगू! माणसं तोंडं वेडीवाकडी करताहेत, हात नाचवताहेत आणि कुणी हसत नाही. मग मावशी पडली. अंगठा दाबलेला. खोलीत पंख्याचा आवाज.

आणि भाभी हसल्या. पोटातून. त्या मुक्या टीव्हीसमोर एकट्याच हसल्या.

रशीदभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. माझे डोळे भरले होते. त्यांनी लगेच पत्रकावर नजर टाकली, पुढची खूण जवळ आली होती.

पुढचा तुकडा लातूरच्या पाण्यावर होता.

रशीदभाईंनी तो आदल्या दिवशी बघितलेला होता, पण नंतर मला म्हणाले, "मी शब्द ऐकलेच न्हाईत बाई, निस्तं हसणं ऐकत होतो." एक आमच्याकडचा माणूस, फाटकं धोतर, डोक्यावर घागर, आगगाडीपुढं उभा. शहरी साहेब विचारतो, "पाणी पाहिजे का?" हा म्हणतो, "हाव." साहेब प्रेक्षकांकडं वळून, "बघा, किती हाव सुटलीय!" अंगठा. चूप. "अजून पाहिजे?" "हाव." "अरे, कुठं फेडशील ही हाव?" अंगठा. चूप.

आता आमच्याकडं हा शब्द काय आहे, हे बाहेरच्याला काय सांगायचं? हिंदू असो, आम्ही बौद्ध असो, 'हो' म्हणायचं तर 'हाव'. मुसलमानांच्या घरात तोच शब्द, जरा आखूड, 'हौ'. लग्नाला होकार हाव, हजेरीला हाव, मेल्या माणसाची ओळख पटवतानाही हाव. आणि तहानेला हो म्हणणाऱ्याला हे हावरा ठरवत होते, आठ वेळा, दहा वेळा. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी उठून टीव्ही बंद करणार, तेवढ्यात माझं भाभींकडं लक्ष गेलं.

त्या हसत नव्हत्या. ओठांवर मघाचं हसू होतं, ते आमच्यादेखत उतरलं. चालता डावा हात वर आला, चाचपडत ओढणीपर्यंत गेला, आणि त्यांनी ओढणी तोंडावर ओढून घेतली. आत खांदे हलत होते.

"न्हाई हसली!" रशीदभाई ताडकन उठले. "बाई, बघितलं का? न्हाई हसली! समजलं तिला! अक्षर न् अक्षर समजतंय तिला!" त्यांनी रिमोट टाकून दिला. खोलीभर नाचायचेच बाकी होते. आवाज सुरू झाला आणि टीव्हीतली शंभर माणसं 'हाव'वर खदाखदा हसायला लागली. "जान हाय! सगळी जान हाय! पहिल्यापासून सगळं समजत होतं..."

आणि तिथं ते थांबले.

मला त्यांच्या आधी क्षणभर कळलं होतं. पहिल्यापासून सगळं समजत होतं. म्हणजे वैऱ्याला नको असलं जिणं, तेही. किती दिवस काढणार, हे माझंही. आणि अल्लानं तिला तरी उचलावं, हेसुद्धा. इतके महिने ती बाई सगळं ऐकत पडली होती, आणि ज्याला हसता येईल तेवढ्याला हसत होती.

रशीदभाई खाटेजवळ खाली बसले. "रझिया," म्हणाले. "रझिया, मैं वैसा नईं बोलनेका था गे." त्यांनी ओढणी हळूच बाजूला करायला बघितली. भाभींच्या डाव्या हातात किती ताकद होती! ओढणी सुटली नाही. मी चपला हातात घेऊन बाहेर आले.

त्यानंतर त्या कधी हसल्या नाहीत. मावशी पडली तरी नाही. भाई पुढच्या रविवारी लावून बघायचे, त्याच्या पुढच्या रविवारी लावून बघायचे, मग त्यांनी टीव्ही भिंतीकडं तोंड करून ठेवला. मला एकदा म्हणाले, "तुमचंच खरं बाई. त्या कार्यक्रमात आता काई ऱ्हायलं न्हाई." आठ वर्षं मी हे ऐकायला टपलेली होते. त्या दिवशी मला वाटलं, देवा, माझं खोटं ठरू दे. मी बौद्ध बाई, देवाला कधी हाक मारत नाही. मारली.

जिल्हा काही झाला नाही. पाणी पंधरा दिवसांवर गेलं. शेवटी नांदेडहून त्यांची लेक शबाना जीप घेऊन आली. तिच्याकडं गोदावरीचं नळाचं पाणी थोडंफार तरी यायचं. भाभींना जीपमध्ये आडवं केलं, तेव्हा मी जवळ गेले आणि म्हणाले, "भाभी, मी बोलले ते विसरा." त्यांनी माझ्याकडं बघितलं. बघितलं, एवढंच सांगू शकते. शटरला कुलूप लागलं आणि आमच्या गल्लीतलं हसणं बंद झालं.

चार महिन्यांनी शबानाचा फोन आला, अम्मी गेली.

मी रविवारची नांदेडला गेले. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, शेजाऱ्याची भिंत आणि यांची भिंत एकच. रशीदभाई सतरंजीवर बसले होते. दाढी वाढलेली, खिशात टेस्टर नाही. मी समोर बसले. काय बोलायचं? मग तेच बोलले.

"शेवटच्या दिवशी बोलली, बाई."

"भाभी?"

"ओठ लई सुकले होते. मी विचारलं, पानी होना क्या. तर 'हौ' म्हणली. साफ. शबानानं बी ऐकलं." मग म्हणाले, "एक चमचा दिलं. अजून होना, विचारलं. परत 'हौ' म्हणली."

मी रडायला लागले. ते रडले नाहीत. तेवढ्यात शेजारच्या घरात टीव्ही लागला. संध्याकाळ झाली होती, रविवार होता. ओळखीचं संगीत वाजलं, कुणीतरी काहीतरी बोललं आणि भिंतीपलीकडं शंभर माणसं हसली.

रशीदभाईंचा हात गुडघ्यावर होता. त्यांनी अंगठा गुडघ्यावर दाबला. हसणं सरलं, बोलणं सुरू झालं, अंगठा उचलला. परत हसणं यायच्या जरासं आधी, अगदी बरोबर जागी, परत दाबला. ते माझ्याकडं बघत होते, अंगठा काय करतोय हे त्यांना स्वतःला ठाऊकही नसावं. मावशी पडली असावी, कारण पलीकडं एकच गदारोळ उठला. रशीदभाईंनी अंगठा इतका दाबला की नख पांढरं पडलं. हसणं काही बंद झालं नाही.